लॅपटॉप अडखळतोय? आधी खोली बघा, मग स्वतःकडे

उन्हाळ्यात गेम अडकत अडकत चालायला लागला की मुले लॅपटॉप उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतात. न्यायलाही हवा. पण डॉक्टर म्हणून माझे सांगणे असे आहे, की त्याच वेळी स्वतःच्या अंगाकडेही बघा. ज्या उष्णतेने ते यंत्र बेजार झाले आहे, त्याच उष्णतेत तुम्ही सलग तीन-चार तास बसलेले असता.

लॅपटॉपच्या आत तापमान मोजणारे संवेदक असतात. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. तुम्हाला पडद्यावर दिसणारे अडखळणे बहुतेक वेळा हेच असते. शरीरातही अशी सोय आहे. तोंड कोरडे पडते, डोके ठणकते, पोटात ढवळते, हातापायातले बळ जाते. यंत्र ही सूचना ऐकते आणि थांबते. माणूस मात्र ‘एवढी एक मॅच’ म्हणत ती दाबून टाकतो. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या तरुणांचे दुखणे पुष्कळदा इथूनच सुरू झालेले असते.

आपल्याकडे खान्देशात ही अडचण इतरांपेक्षा जास्त का, ते समजून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात लॅपटॉप वापरायच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश दिलेली असते. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि धुळेही फार मागे नसते. वरच्या मजल्यावरची, डोक्यावर थेट स्लॅब असलेली खोली दुपारी तीन वाजता सहज ३८-४० अंशांवर असते. म्हणजे गेम सुरू करण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते. खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. ज्या धुळ्यात थंडीत पारा एक आकडी होतो, तिथे जानेवारीत विनातक्रार चाललेला लॅपटॉप मे महिन्यात का रडतो, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. लॅपटॉप खराबच झाला असेल असे नाही.

त्यात आपण भर घालतो. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर १८० ते २४० वॉटचे असतात, आणि खेळताना ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दार लावून, पडदे ओढून तुम्ही एकटे खेळत असलात, तरी उष्णतेच्या हिशेबाने त्या खोलीत तुमच्यासोबत आणखी एक-दोन माणसे बसलेली असतात. दार उघडे ठेवा, हवा आरपार जाऊ द्या, हा माझा पहिला सल्ला त्यासाठीच.

रोगी समोर बसला की आम्ही विचारतो, त्रास कधी सुरू होतो? लॅपटॉपलाही हाच प्रश्न विचारा. गेम उघडल्याबरोबर पहिल्या मिनिटापासून अडकत असेल, तर कारण बहुधा उष्णता नाही. रॅम कमी आहे, डिस्क भरली आहे किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे. चित्र सुरळीत आहे, पण समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, तर तो नेटचा दोष. फक्त बॅटरीवर असताना अडकतो, तर वीज पुरत नाही. पण पंधरा-वीस मिनिटे छान चालून मग अडखळायला लागला, पंखे जोरात घोंघावू लागले आणि कळफलकाचा वरचा भाग हाताला चटका देऊ लागला, तर निदान उष्णतेचेच. खात्री करायची असेल तर खान्देशात एक सोपी चाचणी आहे. तोच गेम, त्याच सेटिंगवर, एकदा दुपारी तीनला आणि एकदा सकाळी सहाला अर्धा तास चालवा. सकाळी नीट चालला तर मुख्य दोष खोलीच्या हवेचा. सकाळीही तसाच तापला तर लॅपटॉप उघडून साफ करायची वेळ आली आहे.

आणि आपल्याकडे ती लवकर येते. ही कापसाची भूमी आहे. जिनिंगचा हंगाम, शेतातली धूळ, मे महिन्यातली वावटळ, हे सगळे त्या बारीक जाळ्यांतून आत जाते आणि धुळीचा, तंतूंचा नमदा होऊन बसते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा झाला असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही बदलायला सांगा. घरी हवा मारून साफ करणार असाल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पंख्याची पाती काडीने अडवून धरा आणि नाकाला रुमाल बांधा. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याला द्यावे. त्या धुळीने धाप लागते.

खर्च न करता होणारे उपाय आधी करा. गादीवर, गोधडीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, कारण खालची हवेची तोंडे बुजतात. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. गेमची फ्रेम मर्यादा ६० वर बांधा, सावल्यांची आणि बारीक तपशिलांची सेटिंग एक पायरी खाली आणा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा जादा वेग बंद होतो आणि तापमान चांगलेच उतरते. दुपारच्या अतिवेगापेक्षा सलग चालणारा खेळ बरा, हे खेळणाऱ्यालाही पटेल. कूलिंग पॅडने थोडे अंश कमी होतात, चमत्कार होत नाही. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी किंवा ओले फडके ठेवणे, तो फ्रीजमध्ये घालणे, असले प्रकार मात्र करू नका. आत बाष्प धरते आणि यंत्र कायमचे जाते.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो. तो जरूर लावा, पण खिडकी उघडी ठेवून, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. त्याचा झोत तुमच्यावर असू द्या, लॅपटॉपवर थेट नको, कारण पाण्याचे तुषार आत जातात. कूलरला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. पाणी भरताना प्लग काढा. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात.

आता मूळ विषय, तुमचे अंग.

लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळणाऱ्यांच्या मांडीवर तांबूस-तपकिरी, जाळीसारखे डाग उठतात. खाज नसते, दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. गजकर्ण समजून दुकानातून आणलेले मलम चोळले जाते. वैद्यकात याला एरिथेमा अॅब इग्नी म्हणतात. ४३ ते ४७ अंशांची उष्णता, म्हणजे भाजणार नाही इतकीच, त्वचेच्या एकाच जागी आठवडेच्या आठवडे लागत राहिली की हे होते. पूर्वी चुलीसमोर वर्षानुवर्षे बसलेल्या बायांच्या नडग्यांवर ते दिसे. लॅपटॉपमुळे झालेल्या डागाची पहिली नोंद २००४ सालची. २०१० मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी १२ वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. तो काही महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळत होता. यंत्राची डावी बाजू तापते हे त्याला कळत होते, तरी त्याने जागा बदलली नाही. डाग डाव्या मांडीवर उठले. हे थंड स्वित्झर्लंडमध्ये घडले. आपल्या मे महिन्याचा विचार तुम्हीच करा.

उष्णता लागणे वेळीच थांबवले तर हे डाग काही आठवड्यांत-महिन्यांत फिके होतात. फार काळ चालले तर रंग कायम राहतो. काश्मीरमध्ये फिरन या झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसणाऱ्यांच्या मांडीला आणि पोटाला त्वचेचा कर्करोग होतो, हे एल्मस्ली नावाच्या डॉक्टरांनी १८६६ मध्येच लिहून ठेवले आहे. तो परिणाम दशकांच्या शेकाचा आहे आणि लॅपटॉपच्या डागाने इतके घाबरायचे कारण नाही. पण डागावर खवले आले, जाडसर गाठ आली किंवा न भरणारी जखम झाली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. स्टेरॉइडचे मलम स्वतःच्या मनाने लावू नका. ज्यांना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली आहे, अशा घरातल्या मोठ्यांनी तर लॅपटॉप मांडीवर कधीच घेऊ नये. त्यांना चटका बसलेला कळणारही नाही.

तरुण मुलग्यांना, लग्न झालेल्या पुरुषांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती विचारायला सगळे संकोचतात. अंडकोष शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावेत अशी निसर्गाची रचना आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. शेन्किन यांच्या गटाने २९ निरोगी तरुणांवर मोजमाप केले. चालू लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर बसल्यावर अंडकोषाच्या पिशवीचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. त्यातला मोठा वाटा मांड्या जुळवून बसण्याचाच होता. यामुळे मूल होत नाही असे सिद्ध झालेले नाही, पण वाढत्या उष्णतेने शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते हे माहीत आहे. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यातल्या पुरुषाने लॅपटॉप टेबलावर ठेवावा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून सवय बदलल्याचा फायदा दिसायलाही तीन महिने जाऊ द्यावेत.

सगळ्यात गंभीर भाग उष्माघाताचा. सावलीत बसलो म्हणजे ऊन लागत नाही, हा गैरसमज आहे. ४० अंशांच्या कोंडलेल्या खोलीत ऊन न पाहताही शरीर तापते. छताच्या पंख्यावर फार विसंबू नका. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर असेल तर पंखा गारवा देत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो, म्हणून अशा वेळी तो वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंग ओले पुसा, ओला पंचा मानेवर टाका, खालच्या मजल्यावर जा. धाब्याचे जुने घर असेल तर दुपार तिथेच काढा. खेळताना तहान कळत नाही, म्हणून पाण्याची बाटली समोर ठेवा आणि दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. आपल्या भागात मुतखड्याचा त्रास उन्हाळ्यात वाढतो तो यामुळेच. ताक, कैरीचे पन्हे, लिंबू सरबत चांगले. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असते. ते लहान मुलांसाठी नाही, असे डब्यावरच लिहिलेले असते. पालकांनी ते वाचावे.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायात गोळे आले तर खेळ बंद, थंड जागा, ओले फडके, घोट घोट पाणी. अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटायला हवे. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांडी गेली, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पैशांचा विचार करत घरी वेळ घालवू नका.

दुपारी लॅपटॉप चालत नाही म्हणून रात्री दोनपर्यंत खेळायचे, हाही मार्ग बरोबर नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि जागरण झालेले शरीर दुसऱ्या दिवशीची उष्णता कमी सोसते. तसेच पंख्याचा आवाज झाकायला हेडफोनचा आवाज वाढवत नेऊ नका. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित धरला आहे, लहान मुलांसाठी मर्यादा ७५ ची. लॅपटॉप थंड राहिला तर पंखाही ओरडत नाही आणि कानही वाचतात.

एक धोक्याची खूण कधीही दुर्लक्षू नका. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो, लॅपटॉपचे झाकण नीट बसत नाही, तळ फुगला आहे, तर बॅटरी सुजली आहे. उष्णतेने हे लवकर होते. चार्जिंग ताबडतोब बंद करा, फुगवटा दाबू नका, टोचू नका, लॅपटॉप अंथरुणापासून दूर ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या.

पालकांना माझी विनंती आहे, मुलावर ओरडून लॅपटॉप हिसकावू नका. मे अखेरपर्यंत दुपारी बारा ते चार खेळ बंद, सकाळी किंवा संध्याकाळी टेबलावर बसून दीड-दोन तास, एवढे बोलून ठरवा. लॅपटॉपही नीट चालेल. आणि मुलांनो, मांडीवर जाळीसारखा डाग दिसत असेल तर लाजू नका, लपवू नका. जवळच्या डॉक्टरांना दाखवा आणि लॅपटॉप आजच टेबलावर ठेवा.