माशाच्या डोळ्यांचे रोग व उपाय

माशाच्या डोळ्याला पापणी नसते. म्हणून मासा झोपला तरी डोळे उघडेच दिसतात. आपल्या डोळ्यात कचरा गेला की आपण पाणी मारतो. माशाचे डोळे तर रात्रंदिवस पाण्यातच. पाणी बिघडले की डोळे बिघडतात.

आमच्या घरी काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश आहेत. हा मासा मूळचा चीन देशातला. दिवाळीनंतर एकाचा उजवा डोळा बटनासारखा बाहेर आला. आजी म्हणाली, "हा काही जगत नाही बाप्पा." शेजारचे काका म्हणाले, माणसाच्या डोळ्याचे औषध टाक दोन थेंब. पण माझे बाबा धरणात मासे धरतात. ते म्हणाले, "औषध राहू दे. आधी पाणी पाहा."

एकच डोळा सुजला तर बहुतेक मार लागलेला असतो. आमच्या टाकीत एक टोकदार शिंपला होता, तो काढला. दोन्ही डोळे सुजले तर पाणी खराब आहे किंवा माशाच्या पोटात रोग आहे असे समजावे. डोळ्यावर दुधासारखा पडदा येतो, तोही पुष्कळदा पाण्यामुळेच. मासे पाण्यातच घाण करतात, उरलेले खाणे सडते, आणि त्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. ते दिसत नाही. पाणी नितळ दिसले तरी ते असू शकते.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधी यांनी केली. नागपूरच्या नाग नदीचे घाण पाणी कन्हान नदीतून वैनगंगेत, म्हणजे आपल्या धरणातच येते. बाबा म्हणतात, टाकीचे पाणी तू बदलतेस, एवढ्या मोठ्या धरणाचे कोण बदलणार?

टाकीचे सगळे पाणी एकदम बदलू नये, मासा घाबरतो. रोज चौथा हिस्सा बदलावा. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते एक दिवस बादलीत उघडे ठेवावे. पाच लिटर पाण्याला चहाचा एक चमचा जाडे मीठ मगात विरघळवून टाकावे. पुढे जेवढे नवे पाणी, तेवढ्यापुरतेच मीठ. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. डोळा बोटाने मुळीच दाबू नये.

तीन आठवड्यांनी आमच्या माशाची सूज उतरली, पण त्या डोळ्याने त्याला दिसत नाही. तरी दाण्याजवळ पहिले तोच पोहोचतो! माशाला वास कळतो, आणि अंगावर एक रेघ असते, तिने पाण्याची हालचाल कळते.

आजारी मासा धरणात सोडू नका. रोग दुसऱ्या माशांना लागतो, अन् ते तर आपल्या बाबांच्या जाळ्यातले मासे. कोणाला मिठाचे माप पायजे असेल तर मधल्या सुट्टीत मला विचारा, पाटीवर लिहून देईन.