नव्या घरात सोलरचं गरम पाणी येत नाही? आधी दोष शोधा, मग पार्ट विका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण होम सर्व्हिसचा धंदा कसा सुरू करायचा ते पाहिलं. आज त्यातलंच एक काम नीट समजून घेऊया. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिकसारख्या शहरांत नव्या सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतोच. लोक नव्या घरात राहायला येतात आणि आठवड्याभरात फोन येतो, "दादा, सोलरचं पाणी गरमच येत नाही हो."

इथे बरेच नवीन मेकॅनिक काय करतात? थेट गच्चीवर जातात, चार नळ्या किंवा कॉइल बदलतात आणि बिल देतात. माझ्या दुकानातही लोक येऊन सरळ कॉइल मागतात. मी विचारतो, "कॉइल गेलीये हे कशावरून ठरवलं?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. पार्ट बदलूनही पाणी थंडच राहिलं तर तुम्हाला फुकटात दुसरी फेरी मारावी लागते. वर त्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं नाव वाईट होतं. नव्या सोसायटीत एक ग्राहक गेला म्हणजे सगळी इमारत गेली असं समजा.

म्हणून नियम सोपा आहे: फुकटातली तपासणी आधी, खर्चाची नंतर. आता क्रमाने बघू.

१. फोनवरचे चार प्रश्न

घरून निघण्याआधीच हे विचारा आणि वहीत लिहा.
- फक्त तुमच्याच घरात येत नाही, की शेजाऱ्यांकडेही नाही?
- एकाच बाथरूममध्ये, की सगळीकडे?
- पाणी थंड येतं, की येतच नाही?
- किती वाजता नळ सोडता, आणि किती वेळ वाट बघता?

एकाच नळाला धार बारीक असेल तर आधी नळाच्या तोंडाची जाळी उघडा. नव्या बांधकामात सिमेंटचा गाळ, वाळू आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे तिथेच अडकतात. एवढ्यासाठी गच्चीवर जायची गरज नसते.

२. बादली आणि घड्याळ

एक इंची पाइपच्या एक मीटर लांबीत साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून नळापर्यंत ३० मीटर पाइप असेल तर रात्रभर थंड झालेलं जवळपास १५ लिटर पाणी आधी बाहेर पडणार. म्हणजे एक बादली. नव्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामे असतात, लाइन कमी वापरली जाते, त्यामुळे पाइपातलं पाणी वारंवार गार होतं. बादलीने मोजा, किती लिटरनंतर गरम आलं ते लिहा. एक बादलीनंतर कडक पाणी येत असेल तर सोलर चांगला आहे. ग्राहकाला फक्त समजावून सांगायचंय, आणि ते थंड पाणी कपडे-भांड्यांना वापरा म्हणायचंय.

३. थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय का?

सर्वात जास्त चुकवला जाणारा दोष हाच आहे. मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या बटणाने बंद केलं, की मिक्सरच्या आत थंड आणि गरम लाइन जोडल्या जातात. थंड पाण्याचा दाब जास्त असेल तर ते गरम लाइनमध्ये शिरतं. गीझर आणि सोलर एकाच लाइनला जोडलेले असतील आणि दोघांचे व्हॉल्व्ह उघडे राहिले तरीही असंच होतं. एका घरातल्या अशा जोडणीमुळे खालच्या-वरच्या घरांनाही कोमट पाणी मिळू शकतं.

तपासायचं कसं? फ्लॅटमध्ये येणाऱ्या सोलर लाइनचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि एक गरम नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी संपून धार थांबली तर लाइन ठीक. धार चालूच राहिली तर थंड पाणी कुठूनतरी येतंय. मग एकेक मिक्सर बंद करत जा. ज्याने धार थांबेल तोच दोषी.

४. आता गच्चीवर

थर्मामीटर घ्या. दुपारी चारच्या सुमारास टाकीतून निघणाऱ्या पाण्याचं तापमान बघा.

टाकीत गरम, घरात थंड: दोष लाइनचा आहे. बंद राहिलेला व्हॉल्व्ह, पाइपात अडकलेली हवा, निघालेलं इन्सुलेशन, किंवा रिटर्न लाइनचा पंप असेल तर त्याचा टायमर बघा.

टाकीतच थंड: मग कलेक्टर बघा. त्याचं तोंड दक्षिणेला आहे का? पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते का? बांधकामाची धूळ बसलीये का? काचेच्या नळीच्या टोकाला चांदीसारखा चकचकीत भाग असतो. तो पांढरा पडला असेल तर नळीतला व्हॅक्यूम गेला. तेवढीच नळी बदला, सगळा सेट नाही.

टाकी रिकामी किंवा अर्धवट: थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच आहे का? नसेल तर पाणी वर चढणार कसं? एअर व्हेंट तुंबलाय का तेही बघा.

एक सूचना पक्की लक्षात ठेवा. उन्हात कोरड्या तापलेल्या नळ्यांमध्ये थंड पाणी सोडलं तर काच तडकते. रिकामी सिस्टीम पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच भरायची.

५. कॉइल सर्वात शेवटी

आधी एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. अर्थिंग नसेल तर पुढे काम करायचं नाही, ग्राहकाने कितीही घाई केली तरी.

कॉइल खराब म्हणण्याआधी हिशोब करा. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागतो. वीस मिनिटांत पाणी जेमतेम ६ अंशांनी तापेल. "वीस मिनिटं चालू ठेवलं, काहीच झालं नाही" अशी तक्रार आली तर कॉइल बिचारी ठीकच असू शकते.

आता धंद्याचा मुद्दा

तुम्ही म्हणाल, सर, दोष मिक्सरचा निघाला तर आमची कमाई काय? इथेच तपासणी फी येते. फोनवरच सांगा, "तपासणीचे इतके रुपये, दुरुस्ती वेगळी." समजा फी ३०० रुपये ठेवली. त्या बदल्यात ग्राहकाला एका पानाचा लेखी रिपोर्ट द्या: काय तपासलं, किती तापमान मिळालं, दोष कुठे आहे, फोटो. ३०० रुपये या पानाचे आहेत. पार्ट विकला गेला नाही तरी तुमची फेरी वाया जात नाही आणि नको तो पार्ट गळ्यात मारायचा मोहही राहत नाही.

नव्या घरात या पानाची किंमत आणखी वाढते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला किंवा करारानुसार दिलेल्या सुविधांमधला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. करारात सोलर असेल आणि पाइपलाइनच चुकीची टाकली असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगा, "काकू, यावर पैसे घालवू नका, हा रिपोर्ट जोडून बिल्डरला लेखी पत्र द्या." सिस्टीमची वॉरंटी चालू असेल तर तीही आधी बघा. उघडायच्या आधी कंपनीला कळवायला सांगा, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो.

त्या दिवशी तुमचं दुरुस्तीचं काम जाईल. पण ज्या माणसाने आपले पैसे वाचवले त्याचा नंबर काकू सेव्ह करतात आणि शेजारणीलाही देतात. पुढे गीझर, पंप, वायरिंग, सोसायटीचं वार्षिक मेंटेनन्स, पहिला फोन तुम्हालाच येतो.

गृहपाठ

या आठवड्यात स्वतःच्या किंवा नातेवाईकांच्या घरी बादली-घड्याळाची आणि व्हॉल्व्ह बंद करण्याची, या दोन तपासण्या करून बघा. मग वर दिलेल्या पाच पायऱ्यांचा एक छापील फॉर्म बनवा आणि त्यात तापमान, वेळ, लिटर यांचे रकाने ठेवा. खाली ग्राहकाची सही. पहिल्या २५ प्रती झेरॉक्स करून बॅगेत टाका. फॉर्म भरल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा नियम स्वतःला आणि पुढे ठेवाल त्या मुलालाही लावा.