गाडीचे पाणी जाते कोठे? जुनी गाडी वापरणाऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ



आपल्यापैकी अनेकांनी आपल्या वापरलेल्या गाड्या आदिवासी भागातील कार्यासाठी दिल्या आहेत, आणि अनेकजण स्वतःही जुनीच गाडी चालवतात. मी कार्याच्या गाड्यांची देखभाल पाहतो. जुन्या गाडीचा एक आजार हळूहळू येतो. वेळीच ओळखला तर थोडक्यात बरा होतो, दुर्लक्ष केले तर इंजिनच घेऊन जातो. हा आजार म्हणजे कूलंट कमी होणे. आपण म्हणतो, "गाडी पाणी खाते."

सातपुड्यात हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. तोरणमाळचा घाट चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते. इंजिनावर जोर पुष्कळ, पण वेग कमी, म्हणून रेडिएटरला वारा थोडा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी मागच्या सीटवर बाळंतपणासाठी निघालेली भगिनी असली आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली, तर पुढचा दवाखाना फार दूर असतो. म्हणून हा पाठ सर्वांनी वाचावा, केवळ ड्रायव्हरने नव्हे.

१. मूळ गोष्ट

गाडीतील कूलंटचा मार्ग बंद असतो. पेट्रोल-डिझेल जळते, कूलंट जळत नाही. ते फक्त फिरते. म्हणून टाकीत वारंवार भर घालावी लागत असेल, तर ते कोठेतरी जात आहे. वाटा तीनच: बाहेर गळते, झाकणातून उडते किंवा इंजिनाच्या आत जाते. आपले काम म्हणजे या तिन्हींपैकी वाट कोणती, हे क्रमाने शोधणे. सोपे आणि स्वस्त आधी, महाग शेवटी.

२. आधी मोजा

सकाळी गाडी पूर्ण थंड व सपाट जागी असताना प्लॅस्टिकच्या टाकीवर मार्करने पाण्याची रेषा आखा. तारीख व किलोमीटर वहीत लिहा. आठवड्याने पुन्हा पाहा. किती दिवसांत व किती किलोमीटरमध्ये किती उतरले, हे कळल्याशिवाय मेकॅनिकलाही नीट सांगता येत नाही.

गरम गाडीचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले उकळते पाणी दाबाखाली असते आणि क्षणात चेहरा, हात भाजतात.

३. बाहेरची गळती

रात्री इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. एसीचे पाणी रंगहीन व वासहीन असते, त्याची चिंता नको. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा लाल असते, बोटाला बुळबुळीत लागते व गोडसर वास येतो. डाग कोठे पडला यावरून वरचा भाग ओळखा. मग टॉर्च घेऊन पुढील जागा पाहा:

• होज पाईप: थंड असताना दाबा. फुगलेला, चिरलेला किंवा फार मऊ झालेला पाईप बदला. क्लिपजवळ पांढरी किंवा हिरवट पापडी दिसली, तर तेथे पाणी झिरपून वाळले आहे.
• रेडिएटर: जाळीवर रंगीत डाग, तसेच प्लॅस्टिक व धातूचा जोड.
• वॉटर पंप: पंपाच्या खाली एक लहान छिद्र असते. आतले सील झिजले की त्यातून पाणी येते.
• हीटर: डावीकडच्या सीटपुढील गालिचा ओला, काचेवर तेलकट धुके व गोड वास, ही हीटरच्या गळतीची खूण.

कूलंटमध्ये सहसा इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी आहे, पण चवीला गोड. त्यामुळे कुत्री ते चाटतात, लहान मुलेही तोंडात घालू शकतात. पाड्यावर गाडी उभी करताना हे विसरू नका. काढलेले कूलंट बंद डब्यात ठेवा. विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

४. झाकण

रेडिएटरचे झाकण लहान असले, तरी त्याचे काम मोठे. साध्या पाण्याला समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळी येते, हजार मीटर उंचीवर सुमारे ९७ अंशांवरच. झाकण आत दाब राखते. हा दाब सुमारे १ बार असला की उकळी १२० अंशांच्या आसपास जाते. रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की चढावर पाणी उकळून बाहेर पडते, आणि सपाटीवर मात्र गाडी ठणठणीत वाटते. थंड झाल्यावर वरचा होज चपटा बसलेला दिसला, तर झाकणाची पाणी परत ओढणारी झडप अडकली असे समजा. बदलताना झाकणावरचा आकडा तोच पाहून घ्या.

५. आतली गळती

बाहेर काहीच सापडले नाही, तर मगच हेड गास्केटचा विचार करा. खुणा अशा: इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसलेला गोडसर वासाचा पांढरा धूर; थंड इंजिन सुरू करताच काही क्षणांत होज दगडासारखा कडक होणे; पाण्यात सतत बुडबुडे; डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ चहासारखे. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा थर असेल, तर तो पावसाळ्यात किंवा छोट्या फेऱ्यांमुळे जमलेला दमटपणाही असतो. डिपस्टिकवरचे ऑइल मात्र दुधाळ असेल, तर गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. गाडी ओढून न्या.

६. एक उदाहरण

आमच्याकडील अकरा वर्षांची डिझेल जीप आठवड्याला अर्धा लिटर पाणी खाऊ लागली. पुठ्ठा रोज सकाळी कोरडा. त्यामुळे "हेड उघडा" असा सल्ला मिळाला. आम्ही वरील क्रमच धरला. ऑइल स्वच्छ, धूर नाही, बुडबुडे नाहीत, झाकण चांगले. टॉर्चने पाहता पंपाखाली गुलाबी वाळलेली ओघळ दिसली. मग गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब दिला. काटा हळूहळू उतरला आणि दहा मिनिटांनी त्या छिद्रातून थेंब आला. इंजिन चालू असताना दाब वाढे, तेव्हाच पाणी येई आणि पंख्याच्या वाऱ्याने व उष्णतेने वाळून जाई. रात्री थेंब पडतच नसे. पंप व भिजलेला बेल्ट बदलला. महिनाभर रेषा हलली नाही, तेव्हाच काम पूर्ण झाले असे आम्ही वहीत लिहिले. हेड उघडण्याचा मोठा खर्च वाचला. तो पैसा आपण दानरूपाने दिलेला होता.

७. तीन सूचना

हळद किंवा गळती बंद करणारी पावडर टाकण्याची युक्ती जुनी आहे. बारीक छिद्र काही काळ बुजते, पण रेडिएटर व हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात. अडचणीत गाव गाठण्यापुरती ठीक, उपाय म्हणून नाही.

भर घालताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर चढतो.

वाटेत काटा वर गेला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा व सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. आणि काटा मध्यावर असला, तरी निर्धास्त राहू नका: पाणी पार संपले, तर सेन्सर कोरडा राहून काटा खोटा दिलासा देतो. हीटरमधून अचानक थंड हवा येणे ही त्याची खूण.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गाडीच्या टाकीवर रेषा आखलेली आहे काय? शेवटची नोंद कोणत्या तारखेची?
२. पुठ्ठा कोरडा आहे, तरी पाणी कमी होते. पुढे कोणत्या क्रमाने पाहाल?
३. आपण कार्याला गाडी देणार असाल, तर सोबत अशी वही द्याल काय? गाडीइतकीच ती वही आम्हाला उपयोगी पडते.