शेवाळाला वेगळी जागा द्या

प्रश्न : घरी खाऱ्या पाण्याची 200 लिटरची टाकी आहे, खाली संप (गाळणीची टाकी) आहे. काचेवर आणि दगडांवर सतत हिरवं शेवाळ चढतं. पाणी बदलून बदलून कंटाळलो. ‘अल्गी स्क्रबर’ घरी करता येतो असं ऐकलं. मंचरच्या दुकानांत मिळणाऱ्या पाइपांत तो होईल का? आणि लाईट गेली तर?
– एक वाचक, अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव

उत्तर : होईल. ठिबकची जोडणी स्वतः करणाऱ्याला तर यातलं फारसं काही नवं नाही.

माशांना घातलेल्या खाद्यातून शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात उतरतात, म्हणजे शेवाळाला आयतं खत. ते कुठेतरी उगवणारच. म्हणून त्याला टाकीबाहेर उजेडाची, वाहत्या पाण्याची जागा द्यायची आणि वाढलं की खरवडून काढायचं; खतही त्याच्याबरोबर जातं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी ही पद्धत प्रवाळांच्या टाकीसाठी रुजवली आणि 1982 मध्ये तिचं पेटंट घेतलं.

शेवाळ जिच्यावर उगवायचं त्या उभ्या जाळीचा आकार टाकीच्या लिटरवर ठरवू नका, रोजच्या खाद्यावर ठरवा. हौशी लोकांचा हिशेब असा : गोठवलेल्या खाद्याच्या रोजच्या एका वडीमागे साधारण 75 चौरस सेंटिमीटर जाळी, दोन्ही बाजूंनी उजेड. दोन वड्या घालत असाल तर 15 सेंटिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच पुरे. जाळी कडक प्लास्टिकची घ्या आणि करवतीच्या पात्याने दोन्हीकडून खरखरीत करा. शेडनेट नको, ते लोंबतं.

वर पाऊण इंची पीव्हीसी पाइप आडवा, एका टोकाला एंड कॅप. त्याला खालून जाळीच्या रुंदीइतकी, 3 मिलिमीटरची सरळ चीर पाडा आणि जाळीची वरची कड तिच्यात किंचित बसवा. पाणी दोन्ही बाजूंनी पातळ पडद्यासारखं उतरलं पाहिजे. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी 50 लिटर धरा, म्हणजे आपल्या जाळीला 750 ते 800. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवायचं त्या उंचीला तो किती देतो ते पाहा. चिरेवर उजेड पडू देऊ नका, नाहीतर शेवाळ तिथेच वाढून पाणी अडवतं. पंपाकडून येणाऱ्या पाइपात बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन हवंच. दर आठवड्याला जाळी काढायची आहे.

जाळी थेट संपावर टांगा, खालची कड पाण्याला टेकवून. आवाज आणि बुडबुडे कमी होतात. डबा करून बाहेर लावणार असाल तर निचऱ्याचा पाइप दीड इंची घ्या आणि त्याच्या वर दुसरा, स्वतंत्र सांडवा ठेवा. तुटलेलं शेवाळ पहिल्या तोंडात अडकतं आणि मग खोलीभर खारं पाणी होतं.

आता लाईट. पंप थांबला की पाइपातलं पाणी संपात उतरतं. पंपाच्या पाइपाचं तोंड कुठे पाण्यात बुडलेलं असेल तर सायफन लागून आणखी येतं, म्हणून पाण्याच्या पातळीजवळ पाइपाला एक बारीक छिद्र पाडा. मग मुद्दाम स्विच बंद करा, संप किती भरतो ते पाहा आणि चालू असतानाची पातळी त्या हिशेबाने कमी ठेवा. जाळी थोडा वेळ ओलसर राहते, पण तासन्‌तास कोरडी पडली तर शेवाळ मरतं आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं. इन्व्हर्टर असेल तर दिवा नाही, पंप त्यावर टाका.

दिवे लाल, 660 नॅनोमीटरचे एलईडी, दोन्ही बाजूंना. टाकीचे दिवे विझतात तेव्हा हे चालू ठेवले तर रात्री उतरणारा पीएचही सावरतो.

शेतातलं सामान वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पितळी व्हॉल्व्ह नको, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक कालवलेली बादली तर मुळीच नको. तांबं प्रवाळ आणि कोळंबीला मारतं. बागायती भागातल्या बोअरमध्ये खतांचं नायट्रेट झिरपलेलं असू शकतं. ते पाणी टाकीत ओतलं तर स्क्रबर आधी तेच शोषत बसेल, तेव्हा मीठ आरओच्या पाण्यातच कालवा.

तुम्ही प्रवाळांचा उल्लेख केलेला नाही, तरी सांगतो : मालवणच्या समुद्रातले असोत वा आणखी कुठले, खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून तुकडाही उचलू नका. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर घेऊ नका.

सुरुवातीला जाळीवर तपकिरी चिकट थर येईल, तो हलकेच पुसा. हिरवं त्यानंतर धरतं. पुढे आठवड्यातून एकदा, आणि एका वेळी अर्धीच जाळी, साध्या पाण्यात खरवडा. काढलेलं शेवाळ खत म्हणून टाकणार असाल तर मीठ धुऊन घ्या.