बायबल असताना इतर पुस्तके कशाला?

प्रश्न : रोज बायबल वाचणाऱ्याने इतर ख्रिस्ती पुस्तके वाचण्याची गरज आहे का?

उत्तर : बायबलची जागा कोणतेच पुस्तक घेत नाही, पण श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते, हे इतरांच्या लेखनातून उमगते.

अशा वाचनाची भूक जुनीच. गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचायला काही हवे होते. त्यांच्यासाठी फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्रही असेच उपयोगी. पती ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या कोलमडल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा काही वर्षांनी झाला. सोवळे-ओवळे हळूहळू कसे सुटले, हे त्या मिस्कीलपणे सांगतात. शंका घेणाऱ्या वाचकाला त्यातून धीर मिळतो.

बायबल वाचून झाल्यावर रोज चार पाने वाचावीत. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’पासून करावी.