हरलेल्या डावाची वही

बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बालाघाटाच्या डोंगररांगेत पाटोदा हे तालुक्याचे गाव आहे. पावसाळ्यात याच तालुक्यातील सौताड्याचा धबधबा पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु एरवी हा मुलूख कोरडा. जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. म्हणून दसरा-दिवाळी आटोपली की या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात.

अशाच एका घरातील सातवीत शिकणाऱ्या मुलाची कल्पना करावी. त्याला बुद्धिबळाचा नाद लागला आहे. रोज सायंकाळी ओसरीवर कापडी पट अंथरून तो आपल्या काकांशी खेळतो आणि रोज हरतो. एके दिवशी सलग तिसरा डाव गमावल्यावर त्याने चिडून सोंगट्या पटावरून लोटून दिल्या.

काका हसून म्हणाले, “अरे, डाव मोडलास, आता चूक कोठे झाली ते कसे कळणार? तू हरतोस त्याचे काही नाही. पण कसा हरलास ते एका तासाने तुला सांगता येत नाही.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका आणि काकू टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. पट काकांनी सोबत नेला. मुलाने पुठ्ठ्यावर चौसष्ट घरे आखली, शाळेच्या ग्रंथालयातून बुद्धिबळाचे एक पुस्तक आणले, आणि काका परत येईपर्यंत त्यांना हरविण्याइतकी तयारी करायचीच, असा निश्चय केला.

नवशिक्या प्रथम करतो तेच त्यानेही केले. त्याने हमखास जिंकण्याची युक्ती शोधली. पुस्तकात चार चालींत मात करण्याचा डाव होता. राजाच्या उंटापुढचे जे प्यादे असते, त्याला आरंभी एकट्या राजाचाच जोर असतो. त्या प्याद्यावर उंट आणि वजीर असे दोघे रोखायचे. प्रतिपक्ष गाफील राहिला, की वजिराने ते प्यादे मारून मात द्यायची. वर्गातील तीन मुलांवर ही युक्ती चालली. चौथ्या मुलाने शांतपणे आपला वजीर राजापुढे आणून त्या प्याद्याला दुसरा जोर दिला. नंतर त्याने एकेक मोहरे बाहेर काढीत, प्रत्येक चालीत बाहेर आलेल्या वजिरावर हल्ला केला. वजीर पटभर पळत राहिला, आणि तोवर पळवणाऱ्याची सारी फौज मैदानात आली. अशा युक्त्या ठाऊक असाव्यात, त्या आपल्यावर कोणी करू नये एवढ्यासाठीच. त्यांच्या आधारावर खेळणारा मुलगा वर्षभराने जिथल्या तिथेच असतो.

मग त्याला काकांचे बोलणे आठवले. त्याने एक कोरी वही घेतली व प्रत्येक डाव लिहून ठेवण्यास आरंभ केला. लिहिण्याची रीत सोपी आहे. पटावरील आठ उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच ही इंग्रजी अक्षरे देतात, आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ हे आकडे. पांढऱ्या राजाचे मूळ घर ई १, काळ्या राजाचे ई ८. मोहऱ्याचे नाव आणि ते जाऊन बसले त्या घराचे नाव लिहिले, की चाल लिहिली गेली. मोठ्या स्पर्धांतही खेळाडूला खेळता खेळता स्वतःच्या हाताने डाव लिहावा लागतो.

बारा डाव लिहून झाल्यावर तो वही घेऊन बसला. जिंकलेले डाव त्याने बाजूला ठेवले. हरलेला प्रत्येक डाव पुन्हा पटावर मांडला आणि ज्या चालीपासून घसरण सुरू झाली तिच्याखाली तांबडी रेघ ओढली. त्याला वाटले होते, आपण काहीतरी खोल डावपेचांत हरत असू. वहीने निराळेच सांगितले. बहुतेक डावांत त्याने एखादा घोडा किंवा उंट बिनजोर ठेवला होता आणि समोरच्याने तो फुकट मारला होता. प्याद्याची किंमत एक धरली, तर घोडा आणि उंट सुमारे तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ मानतात. तीन प्याद्यांचे मोल असे एका चालीत गेले, तर पुढच्या वीस चांगल्या चालीही ते भरून काढीत नाहीत.

दुसरी एक गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. तीन डावांत तांबडी रेघ एकाच घरापाशी आली होती: सी ७. काळ्याचा वजीर डी ८ या आपल्या घरी असतो तोवर सी ७ च्या प्याद्यावर त्याची राखण असते. हा मुलगा काळ्या मोहऱ्यांनी खेळताना वजीर लवकर बाहेर काढी. मग पांढऱ्याचा घोडा येऊन सी ७ चे प्यादे मारी. तेथून तो एकाच वेळी ई ८ वरील राजाला शह देतो आणि ए ८ वरील हत्तीवर रोख धरतो. राजा हलवावाच लागतो, हत्ती जातो. तीनही वेळा त्याला हा निव्वळ दैवाचा खेळ वाटला होता. वही नसती, तर चौथ्या वेळीही वाटला असता.

त्या दिवसापासून त्याने स्वतःला एक सवय लावून घेतली. समोरच्याची चाल झाली, की आपले बेत क्षणभर विसरून विचारायचे: ही चाल त्याने का केली? आता तो काय मारू शकतो? मनात चाल ठरली तरी मोहऱ्याला हात लावायचा नाही. ती चाल झाल्यावर आपले कोणते मोहरे बिनजोर राहते ते पाहायचे, मगच हात पुढे करायचा. हे ऐकण्यास क्षुल्लक वाटते, पण घाईच्या वयात याहून अवघड शिस्त दुसरी नाही. शिवाय स्पर्धेतील नियमच असा, की ज्या मोहऱ्याला खेळण्यासाठी स्पर्श केला, तेच हलवावे लागते.

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अंतपर्वाची माहिती होती. पुष्कळ मुले ते प्रकरण उघडीतच नाहीत. क्यूबाचे जगज्जेते होजे राउल कापाब्लांका यांनी मात्र १९२१ साली नवशिक्यांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात आरंभीच सोपी मात आणि अंतपर्वे शिकविली आहेत. पटावर थोडीच मोहरी असली म्हणजे प्रत्येकाचे सामर्थ्य स्वच्छ दिसते. एक स्थिती मांडून पाहावी. पांढऱ्याचा राजा ई ६ वर, त्याच्या मागे ई ५ वर प्यादे, आणि समोर ई ८ वर काळ्याचा एकटा राजा. येथे चाल कोणाचीही असो, पांढरा नीट खेळला तर प्याद्याचा वजीर होतो. आता हीच जोडी उलटी करावी: प्यादे ई ६ वर पुढे आणि राजा ई ५ वर मागे, काळा राजा ई ७ वर. काळा सरळ मागे सरकून पुन्हा समोर येत राहिला, तर शेवटी त्याला शह नसतो आणि हलावयास घरही नसते. डाव बरोबरीत सुटतो. मोहरी तीच, केवळ राजा पुढे की मागे एवढाच भेद. मुलाने ही स्थिती आठवडाभर मांडली, कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या. आरंभी जपून दडवायचा राजा शेवटी स्वतः लढावयास निघतो, हे त्याला तेव्हा प्रथम उमगले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कोनेरू हंपी यांच्याशी झालेल्या लांबलेल्या अखेरच्या डावाचा निकालही अंतपर्वातच लागला होता.

पराभवाची उजळणी मोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. नाशिकचे विदित गुजराथी २०२३ साली आइल ऑफ मॅन या बेटावर ग्रँड स्विस स्पर्धा खेळण्यास गेले, तेव्हा अकरा फेऱ्यांपैकी पहिलीच फेरी ते हरले. उरलेल्या दहा डावांत त्यांनी साडेआठ गुण मिळविले आणि स्पर्धा जिंकली.

एकट्याच्या अभ्यासाला मात्र एक मर्यादा आहे. चूक दाखविणारा सोबती लागतो. मुंबईच्या खाडिलकर भगिनींना तो घरातच लाभला. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली वासंती यांनी जिंकली, पुढच्या वर्षी जयश्री यांनी, आणि १९७६ साली धाकट्या रोहिणी यांनी. त्याच वर्षी, वयाच्या तेराव्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. काहींनी हरकत घेतली. तेव्हा जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

पाटोद्याच्या मुलाचा सोबती उसाच्या फडात होता. तथापि चाली लिहिता येत असल्या, म्हणजे अंतराची अडचण उरत नाही. काका दिवसभर ऊस तोडून कोपीवर परतले, की दूरध्वनीवरून एक चाल सांगत. मुलगा ती वहीत लिहून, पुठ्ठ्यावर मांडून, दुसऱ्या दिवशी उत्तर देई. दिवसाला एक चाल! प्रथम त्याला हे कंटाळवाणे वाटले. पण एका चालीवर पूर्ण दिवस विचार करण्याची संधी त्याला पूर्वी कधी मिळालीच नव्हती. शाळेच्या वाटेवरही पट त्याच्या डोळ्यांपुढे असे.

हंगाम संपून काका घरी आले. हातांना घट्टे पडले होते. चेहरा उन्हाने रापला होता. दुसऱ्याच सायंकाळी ओसरीवर कापडी पट अंथरला गेला. दिवेलागण झाली, जेवणाची हाक दोनदा येऊन गेली, तरी डाव संपला नाही. अखेर सत्तेचाळिसाव्या चालीला मुलाचा राजा कोपऱ्यात सापडला. मात झाली.

काकांनी त्याच्या हाताकडे पाहिले. सोंगट्या जागच्या जागी होत्या. मुलाने वही पुढे ओढली, बोट एका ओळीवर ठेवले आणि म्हणाला, “काका, एकतिसावी चाल पुन्हा मांडा. मला वाटते, मी तेथे हत्ती हलवायला नको होता.”