भाऊजी मिशनला निघण्याआधी

भाऊजींचं नाव दक्षिण सुदानच्या मिशनच्या यादीत आलंय म्हणालीस आणि लगेच पोराच्या शाळेच्या रिक्षाचा विषय काढलास. कळलं गं मला. दिघी काय, मोशी काय, चऱ्होली काय, एकेका सोसायटीत चार-चार फौजी घरं. ‘यूएन मिशन’ म्हटलं की कुणी पेढे मागतं, कुणी डॉलरचा हिशोब मांडतं. जिचा माणूस जाणार तिच्या मनात काय चाललंय, हे विचारायचं सगळ्यांचंच राहून जातं. माझे हे बॉम्बे सॅपर्समधले, तिथेच जाऊन आले. म्हणून मोठ्या बहिणीच्या हक्काने तुला जवळ बसवून चार गोष्टी सांगते.

आधी तुझ्या भीतीचं बोलू. भाऊजी एकटे जात नाहीयेत. त्यांच्या कंपनीबरोबर डॉक्टर जातो, आचारी जातो, मेकॅनिक जातो, न्हावीसुद्धा जातो. शिधा आणि इंधन संयुक्त राष्ट्रं पुरवतात. गाड्या, बुलडोझर, जनरेटर आपण नेतो आणि ते चालू ठेवायची जबाबदारीही आपलीच असते. त्याला वेट लीज म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस येऊन एकेक गाडी बघतात. शंभरातल्या नव्वद चालू नसतील तर भाडं कापलं जातं. चाकणच्या कारखान्यात तू रोज बघतेस, एक ब्रॅकेट वेळेवर आलं नाही की सगळी लाइन उभी राहते. तिथेही तसंच. फरक इतकाच की तिथे सुटा भाग मागवला तर तो समुद्र ओलांडून यायचा असतो. म्हणून निघण्याआधी महिनोन्‌महिने याद्या चालतात. भाऊजी घरी आल्यावर गप्प गप्प असतील तर त्याचं कारण बरेचदा या याद्याच असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

दक्षिण सुदानची माती आपल्या बार्शी-लातूरकडच्यासारखी काळी. मे ते ऑक्टोबर पाऊस लागला की रस्ता राहत नाही, नुसता चिखल. अशा ठिकाणी सॅपर्सचं काम म्हणजे रस्ते उभे करणं, धावपट्ट्या दुरुस्त करणं. हे सांगायचे, मुरूम मिळवायलाच किती लांब जावं लागतं. तिथे मलाकालला आपल्या लष्कराच्या डॉक्टरांनी दवाखाना चालवला, जनावरांच्या डॉक्टरांनी लोकांच्या गाई-गुरांवर उपचार केले. ऐकलं की ऊर भरून येतो बाई. आणि आता फक्त नवरेच जातात असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत दक्षिण सुदानच्या सीमेवरच्या अब्येईला आपल्या मुलींची अख्खी प्लाटून गेली. त्यांची पोरंबाळंही मागे कुणीतरी सांभाळलीच असणार.

मागची व्यवस्था नसली की काय होतं, याची एक गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. आपल्या मराठा पलटणी तिच्यात होत्या, खडकीचे सॅपर्स होते. १९१५ च्या डिसेंबरात ती कूटला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण गेली. त्या मोहिमेत जखमींना न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या, औषधं नव्हती, मलमपट्टी नव्हती. १९१७ च्या चौकशी अहवालात त्या कारभाराचे वाभाडे निघाले. जवान कमी पडले नव्हते गं, त्यांच्या मागचा कारभार कमी पडला होता. त्याच १९१७ साली अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना हातकाम शिकवायला मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. पुढे ते खडकीला आलं आणि आजही तिथेच आहे. दापोडीचा पूल ओलांडून खडकीत शिरतेस ना, तिथून लांब नाही.

तुला मी जे सांगणार आहे त्याचा पाया हाच. भाऊजींच्या मागची व्यवस्था फौज बघेल. तुझ्या मागचीही फौज बघते, पण ती कागदावर चालते. कागदावर तू नीट असशील तर सगळी दारं उघडतात. नसशील तर सुभेदारसाहेबांना तुझ्याबद्दल कितीही वाटलं तरी त्यांचे हात बांधलेले असतात.

म्हणून पहिलं तुझं नाव बघ. लग्नात तुझं नाव बदललं होतं ना? आधार कार्डावर कोणतं आहे? बँकेत कोणतं? आणि रेकॉर्ड ऑफिसला भाऊजींनी लग्नाचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोकरीच्या नोंदीतला आदेश, काढला तेव्हा कोणतं लिहिलं? आपल्यात माहेरचं एक, सासरचं एक, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. एका ओळखीच्या बाईंच्या कागदांवर नाव एकच होतं, पण एकीकडे शेवटी ‘बाई’ लागलं होतं, दुसरीकडे नव्हतं. त्या एवढ्याशा फरकापायी त्यांनी किती चपला झिजवल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फरक असेल तर आत्ताच प्रतिज्ञापत्र कर, लागलं तर राजपत्रात नावाची नोंद कर आणि पार्ट टू ऑर्डर दुरुस्त करून घे. मुलांच्या जन्माचे ऑर्डर निघालेत का, तेही बघ. धाकटीचा राहिला असेल अशी मला शंका आहे. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे घरच्यांच्या यादीत, तुम्ही सगळे आहात ना, हे भाऊजींना युनिटच्या क्लार्ककडून तपासून घ्यायला सांग.

मग वारसनोंदी. ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड, पगाराचं खातं, प्रत्येक ठिकाणी वारस म्हणून कोण आहे? भरतीच्या वेळी पोरं आईचं किंवा वडिलांचं नाव घालतात आणि लग्नानंतर बदलायचं विसरतात. हा विषय काढायला जीभ रेटत नाही, माहीत आहे मला. काही अभद्र बोलतोय असं वाटतं. पण भाऊजींना सरळ म्हण, ‘तुमच्या मनावर ओझं नको म्हणून विचारतेय.’ फौजी माणसाला हे कळतं. सासूबाईंचा हिस्सा ठेवायचा असेल तर तोही मोकळेपणाने ठरवा. त्या माउलीलाही आधार लागणारच आहे.

बँकेचं खातं दोघांच्या नावावर करा, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. आणि ओटीपीचं काय ते आधी बघ! सगळे ओटीपी त्यांच्या नंबरवर येतात आणि तो नंबर आफ्रिकेत. गॅस, वीजबिल, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, जे जे घराचं आहे ते तुझ्या नंबरला जोडून घे. मिळकतकराची सवलत साधारण जूनअखेर संपते, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. फ्लॅटचा हप्ता कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला जातो, तेही लिही.

आता जमिनीचं, कारण आपल्या पट्ट्यात हाच सगळ्यात मोठा धोका आहे. भाऊजींचं गाव खेड तालुक्यातलं. चाकणची एमआयडीसी वाढत गेली, रिंगरोडच्या भूसंपादनात खेड, मावळ, हवेलीतली गावं आली, आणि ज्या माळाकडे कुणी बघत नव्हतं त्याला सोन्याचा भाव आला. माणूस परदेशात आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, एजंटांना तर सगळ्यात आधी. म्हणून भाऊजी निघायच्या आत तुझ्या नावाने मुखत्यारपत्र करून घे, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं. सरसकट नको, कामापुरतं. नोटिसा घेणं, हरकत नोंदवणं, मोबदल्याच्या कामात सही करणं, एवढं पुरे. जमीन विकायचा अधिकार त्यात घालू नका; दीर कितीही देवमाणूस असले तरी त्यांच्याही नावाने नको. एकदा भाऊजी तिकडे गेले की मुखत्यारपत्र करायला भारतीय दूतावासाकडून साक्षांकन लागतं, मग कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. मिशनवरच्या जवानाला कॅम्प सोडून दूतावासात जाणं म्हणजे काय, याची तू कल्पना कर.

सातबारा दर महिन्याला ऑनलाइन बघत जा. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ते पंधरा दिवस हातचे गेले की मग खेटे. आणि कुणी दावा ठोकलाच तर घाबरू नकोस. सैनिक दूर कामगिरीवर असताना त्याच्या पाठीमागे निकाल लागू नये म्हणून १९२५ पासून कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. युनिटला लगेच कळव, त्यांच्याकडून कोर्टाला दाखला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही पत्र देतं. तिथे एकदा आधीच जाऊन ये, तोंडओळख असू दे.

पैशाचं एक सांगते, रागावू नकोस. संयुक्त राष्ट्रं जवानामागे जी मोठी रक्कम देतात ती आपल्या सरकारला जाते. जवानाच्या हातात त्यांच्याकडून थेट येतो तो रोजचा भत्ता १ डॉलर २८ सेंट. बाकी परदेशभत्ता आपलं सरकार ठरवेल तसा येतो. पैसा बरा मिळतो, नाही म्हणत नाही, पण लोकांच्या तोंडचे आकडे खरे धरून मोशीत दुसरा फ्लॅट बुक करू नका. उसने मागणारेही येतील. ‘हे आल्यावर बोलू’ एवढं एकच उत्तर सगळ्यांना दे.

फोनचं जमेल, काळजी नको. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तू दुसऱ्या पाळीतून सुटतेस तेव्हा तिथे रात्रीचे आठ वाजलेले असतात, जेवणाची वेळ. कंपनीची बस तळेगाव चौकातल्या ट्रकांच्या रांगेत अडकली की तुझा फोन सुरू. शेजारची कानात इयरफोन घालून डोळे मिटते, मागच्या सीटवर कुणीतरी डबा उघडतं आणि तू ओढणी तोंडावर धरून हळू आवाजात बोलतेस; हे आता रोजचं होईल. घरातली रडगाणी सगळी सांगायची नाहीत आणि सगळी लपवायचीही नाहीत. पोराला ताप आला तर सांग, पण सोबत डॉक्टरांनी काय सांगितलं तेही सांग. ज्यावर ते तिथून काही करू शकत नाहीत, ते आधी रिअर पार्टीच्या जेसीओसाहेबांना सांग. ते त्यासाठीच मागे ठेवलेले असतात. त्यांचा नंबर फ्रिजवर लाव, सासूबाईंच्या फोनमध्येही घाल. खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलचं, म्हणजे एमएचचं, डिपेंडंट कार्ड आणि कँटीन कार्ड, दोन्हींची मुदत बघून ठेव. वेलफेअरच्या मीटला सुट्टी टाकून जा. मेमसाहेबांपुढे बोलायला लाजू नकोस, तिथे अडचण सांगितली की कामं होतात.

युनिफॉर्ममधले फोटो, कॅम्पचं नाव, ताफा कुठे निघालाय, यातलं काही स्टेटसला लावायचं नाही. आणि बातम्यांचं. धोका नाही असं मी तुला सांगणार नाही, तू लहान नाहीस. ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानच्या जोंगलेईत ताफ्यावर हल्ला झाला आणि आपले पाच जवान गेले. आजवर २ लाख ९० हजारांहून जास्त भारतीय ५० हून अधिक मोहिमांवर जाऊन आले, त्यातले सुमारे १८० परतले नाहीत. प्रत्येक जण कुणाच्या तरी घरचा होता. पण बाकीचे लाखो आले ना गं घरी. टीव्हीवर काही दिसलं, ग्रुपवर काही आलं, तर फक्त युनिटकडून कळेल तेच खरं मानायचं. खरी बातमी घरच्यांना आधी युनिट कळवतं.

परत आल्यावर काही दिवस भाऊजी घरात पाहुण्यासारखे वागतील. तू घर एकहाती चालवायला शिकलेली असशील, त्यांना आपली जागा शोधावी लागेल. लगेच सगळ्या फाइली त्यांच्या पुढ्यात टाकू नकोस, आणि सगळं स्वतःकडेही ठेवू नकोस. एक मात्र जिवापाड जप. आल्यानंतर काही महिन्यांत केव्हाही थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन थांबायचं नाही. सरळ एमएच गाठायचं आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं की हे आफ्रिकेतून आलेत. तिकडचा मलेरिया उशिरानेही डोकं काढतो आणि आठवड्यात माणूस नेतो.

रविवारी तुझी पाळी नसते. लोखंडी ट्रंकेतली हिरवी फाइल, दोघांची आधार कार्डं, पासबुकं आणि सातबारा घेऊन सकाळी माझ्याकडे ये. भाऊजी सुट्टीवर असतील तर त्यांनाही घेऊन ये. सुरुवात पार्ट टू ऑर्डरपासून करू.